"पाहिजे" म्हणजे लागतं की आवडतं? मुलांना पैशातली गरज आणि हौस कशी ओळखायला शिकवायची

गोव्यात म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मार्चमध्ये घडलेली गोष्ट आहे. ऊन मी म्हणत होतं, हातात दोन पिशव्या, आणि माझा धाकटा, वय ७, मध्येच थांबला आणि म्हणाला, "आई, मला तहान लागलीय. पाणी गरज असते ना?" मी म्हटलं हो, असते. तर त्याने बोट दाखवलं ते समोरच्या दुकानातल्या थंड पेयांच्या फ्रिजकडे. त्याच आठवड्यात शाळेत त्यांना तक्ता शिकवला होता, अन्न पाणी कपडे घर एका बाजूला, चॉकलेट खेळणी दुसऱ्या बाजूला, आणि त्याला त्यात दहापैकी दहा मिळालेले. मी पिशवीतली पाण्याची बाटली काढून दिली, तो घटाघटा प्यायला, मग विचारलं, आता तहान आहे का? नाही म्हणाला. आणि दोन सेकंदांनी, "पण ते अजून पाहिजे."

त्या दिवशी मी त्याला ते पेय घेऊन दिलं नाही आणि ओरडलेही नाही, कारण तो खोटं बोलत नव्हता. तहान खरी होती आणि त्या रंगीत बाटलीची ओढही खरी होती, फक्त दोन्हींसाठी त्याच्याकडे शब्द एकच होता, पाहिजे. तेव्हापासून आमच्या घरी आम्ही हे जरा वेगळ्या तऱ्हेने शिकवायला लागलो. दीड वर्ष होत आलं, थोरली आता ११ वर्षांची आहे, धाकटा ८, त्यातलं जे जमलं आणि जे नाही जमलं ते लिहितेय, तुमच्या घरच्या हिशोबाने त्यात बदल करून घ्या.

आधी शब्द सुधारा

मराठीत "पाहिजे" हा शब्द सगळ्याला चालतो, औषध पाहिजे, वही पाहिजे, आयस्क्रीम पाहिजे. कोकणीतही तेच, "जाय" म्हटलं की झालं. म्हणजे मूल बोलायला लागल्यापासून गरज आणि हौस एकाच शब्दात सांगतं आणि आपण अपेक्षा करतो की त्याला फरक आपोआप कळावा. पण आपल्याच भाषेत दुसरे दोन सरळ शब्द आहेत, लागतं आणि आवडेल. शाळेला वही लागते. पावसाला छत्री लागते. मला तो निळा पेन आवडेल. "मला तो निळा पेन लागतो" असं म्हणून बघा, मुलाला स्वतःलाच कानाला खटकतं.

तर घरी पैशाचा विषय आला की पाहिजे हा शब्द बाजूला ठेवायचा आणि या दोनपैकी एक वापरायचा, एवढाच नियम. आणि तो मोठ्यांनाही लागू, नाहीतर उपयोग नाही. मी "मला नवीन कुकर पाहिजे" म्हटलं की थोरली लगेच विचारते, लागतो की आवडेल? (लागत होता, रबर बदलूनही शिट्टी होत नव्हती.) एक मात्र सांभाळा, "आवडेल" म्हटलं की मिळणारच नाही असं मुलांच्या मनात बसू देऊ नका. तसं झालं तर ती दोन दिवसांत शिकतात की सगळ्याला "लागतं" म्हणायचं. आवडेल म्हटलेल्या गोष्टी अधूनमधून घ्यायच्याच, आणि घेताना तसं म्हणायचं, हे आपल्याला लागत नव्हतं, आवडलं म्हणून घेतोय.

वस्तू एक, पैसे दोन

तक्त्याचा घोळ असा की त्यात वस्तूंची वाटणी होते, ही गरज, ती हौस, पण दुकानातली बहुतेक वस्तू अर्धी अर्धी असते. आमच्याकडे हे रेनकोटावरून उलगडलं. जूनच्या आधी दोघांना रेनकोट घ्यायला डिचोलीच्या बाजारात गेलो, साधा रेनकोट ३५० रुपये, आणि तसाच, त्याच कापडाचा, फक्त पाठीवर कार्टून असलेला ६२०. धाकट्याला अर्थात कार्टूनवाला. पूर्वी मी एकतर नाही म्हटलं असतं नाहीतर रडारड नको म्हणून घेऊन टाकला असता. त्या दिवशी त्याला विचारलं, पाऊस अडवायला किती रुपये लागतात? त्याने दोन्ही हातात घेऊन बघितले, म्हणाला ३५०. मग वरचे २७० कशाचे? म्हणाला, चित्राचे. बरोब्बर. मग त्याला सांगितलं, ३५० मी देते कारण ते लागतात, चित्राचे २७० तुला आवडतात, ते तुझ्या पैसे साठवायच्या बरणीतले. बरणीत होते १४० का काहीतरी. बराच वेळ उभा राहिला, मग साधा निळा घेतला आणि उरलेल्या पैशातून १० रुपयांचे स्टिकर घेऊन रेनकोटाच्या आत, बाहेरून दिसणार नाही असे, चिकटवले. ते स्टिकर पहिल्याच आठवड्यात भिजून सुटले तो भाग वेगळा, पण तोडगा त्याचा स्वतःचा होता.

ही वाटणी कशालाही करता येते. बूट लागतात, पण दिवे लागणारे बूट म्हणजे बुटांचे पैसे अधिक दिव्यांचे पैसे. कंपासपेटी ६० रुपयाला येते, २२० ची असेल तर १६० कशाचे ते मुलाने सांगायचं. कधीकधी वरचे पैसे खरंच लागतात हेही कळतं, म्हणजे दप्तर स्वस्तातलं घेतलं आणि दोन महिन्यांत बंद तुटला तर महागातलं लागत होतं. तेही मोकळेपणाने मान्य करायचं, स्वस्त म्हणजे गरज आणि महाग म्हणजे हौस असं गणित मुलांच्या डोक्यात गेलं तर ते चुकीचंच गणित आहे.

पुरुमेंताचा धडा

आपल्या गोव्यात हे शिकवायला मे महिन्याइतकी चांगली शाळा नाही. पुरुमेंत, हा शब्द पोर्तुगिजांकडून आला पण पद्धत घराघरातली, पावसाच्या आधी चार महिन्यांची बेगमी करून ठेवायची. कांद्याच्या माळा, सुक्या मिरच्या, सोलं (आमसुलं), चिंच, मीठ, उकडे तांदूळ, सुकी सुंगटं (कोळंबी), खारे बांगडे. आता दुकानं वर्षभर उघडी असतात, त्यामुळे पूर्वीसारखं सगळं भरून ठेवायची वेळ येत नाही हे खरं, पण मासळीचं अजूनही तसंच आहे, १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस मशीनच्या बोटींना मासेमारी बंद, ताजी मासळी कमी आणि भाव चढे.

गेल्या मे महिन्यात सासूबाईंनी यादी केली आणि मी थोरलीला त्यांच्या शेजारी वही घेऊन बसवलं. आजी सांगणार, तिने हिशोब करायचा. ६१ दिवस म्हणजे साधारण ९ आठवडे. आठवड्यातून दोनदा किसमूर (सुक्या मासळीची कोशिंबीर), म्हणजे १८ वेळा. एका वेळेला ५० ग्रॅम सुंगटं. झाले ९०० ग्रॅम, म्हणजे एक किलो घ्यायचं. सोलं महिन्याला पाव किलो, चार महिन्यांना एक किलो. ती एकदम खूश झाली की शाळेतली गणितं इथे खरोखर चालतात. मग बाजारात तिनेच मासळीवालीला सांगितलं एक किलो, मासळीवाली म्हणाली "दोन व्हर गो बाय, स्वस्त दितां" (दोन घेऊन जा, स्वस्त देते), तर ही म्हणाली, नको, आम्हाला एकच लागतं. तिला एवढं ठामपणे कशाला नाही म्हणताना मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं, आणि ते तिला जमलं कारण आकडा तिने स्वतः काढला होता.

घरी आल्यावर मी सहज विचारलं, आता तुझ्या वॉशी टेपचा असाच हिशोब कर बघू, चार महिन्यांना किती लागतील? (वॉशी टेप म्हणजे त्या रंगीत नक्षीच्या चिकटपट्ट्या, मुली वह्यांना लावतात, तिच्याकडे ढीग आहे.) ती वही घेऊन बसली आणि तिला आकडाच काढता येईना. शेवटी म्हणाली, "आई, ह्याचं किती लागतं ते संपतच नाही." मला वाटतं गरजेची याहून चांगली ओळख मी तिला समजावून देऊ शकले नसते. लागणाऱ्या गोष्टीचं माप काढता येतं. म्हणून काही घ्यायचं असलं की आम्ही आता विचारतो, किती, आणि किती दिवसांसाठी? मुलाला उत्तर देता आलं तर बहुतेक वेळा ते लागणारं असतं.

आणि हो, त्याच यादीत सासूबाईंनी शेवटी फणसाची साठं (फणसपोळ्या) लिहिली होती. थोरलीने विचारलं, आजी ही लागतात? आजी म्हणाली, "लागत नाहीत गो, पण पावसात संध्याकाळी चार वाजता तुम्ही दोघं काय खायला दे म्हणून माझं डोकं खाता ना, त्यासाठी." मुद्दाम सांगतेय कारण हौसेची जागा यादीत शेवटी का होईना पण असतेच, आणि ती आधीच ठरवून ठेवली की भांडण होत नाही.

पैसे हातात द्या, पण फक्त खाऊचे नाही

बहुतेक घरांत पॉकेटमनी असतो तो सगळा मजेसाठी आणि गरजेचं सगळं आईबाप घेतात. मग मुलाने एकासमोर दुसरं ठेवून तोलायचं कधी? त्याच्या हातात नुसती हौसच असते. म्हणून आम्ही थोरलीला तिच्या स्टेशनरीचा खर्च सोपवला. महिन्याला १५० रुपये, त्यात पेन, पेन्सिल, खोडरबर, चार्टपेपर, प्रोजेक्टचं सगळं सामान, आणि जे उरेल ते तिचं. वह्या-पुस्तकं आणि युनिफॉर्म मात्र आमच्याकडे, ते शाळा सुरू होताना एकदम लागतं आणि रक्कम मोठी असते.

पहिल्या महिन्यात तिने ९ तारखेलाच ११० रुपयांचा जेल पेनचा सेट घेतला, आणि २२ तारखेला शाळेत चार्टपेपर आणि स्केचपेन मागितले. जीव तुटत होता पण मी पैसे दिले नाहीत, आम्ही बसून विचार केला की काय करता येईल, कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर चार्ट केला आणि त्याच जेल पेनांनी रंगवला. बाईंनी घेतला, काही म्हणाल्या नाहीत. पुढच्या महिन्यात तिने आधी वर्गातल्या फळ्यावरून सगळं लिहून आणलं, काय काय लागणार आहे ते.

उलटंही होतं हे लक्षात ठेवा. तिसऱ्या की चौथ्या महिन्यात पैसे वाचवायच्या नादात ती बोटाएवढ्या पेन्सिलीने लिहायला लागली, अक्षर बिघडलं. तेव्हा खालची मर्यादा ठरवली, दोन चालू पेन आणि एक बरी पेन्सिल दप्तरात असलीच पाहिजे, त्याच्या खाली जाऊन वाचवायचं नाही. आणि जेवण, बसचं भाडं, औषध असल्या गोष्टींचे पैसे मुलांना असे सोपवू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे, डब्याऐवजी उपाशी राहून पैसे साठवणारी मुलं असतात.

धाकट्याला आठवड्याला ३० रुपये, नाण्यांत. लहान मुलांना नाणीच द्या, दहाची तीन नाणी टेबलावर मांडली आणि एक उचललं की दोन उरतात हे दिसतं. बरणीही काचेची, झाकण सैल, म्हणजे पातळी वरखाली झालेली दिसते. पाच वर्षांच्या मुलाला आठवड्याचेही देऊ नका, त्याला सोमवार ते रविवार हा काळ फार लांब वाटतो, पदेर (पाववाला) आला की ५ रुपयांचं नाणं देऊन पाव आणायला पाठवा, एवढा व्यवहार पुरे.

जत्रेचे दोनशे रुपये

आमच्याकडे दोघांना फेरीला, म्हणजे जत्रेत भरणाऱ्या बाजाराला, प्रत्येकी २०० रुपये देतो, जत्रा असो नाहीतर फेस्त (चर्चचा उत्सव). एकदा दिले की वर मिळत नाहीत. म्हापशाला बोडगेश्वराच्या जत्रेत धाकट्याने पहिल्याच दुकानात १८० रुपयांची दिव्याची तलवार घेतली. सासूबाई मला कोपराने ढोसत होत्या की सांग त्याला, मी नाही सांगितलं. पुढे पाळणे आले, त्याचे पैसे पुरेनात. बहीण पाळण्यात बसली, तो खाली तलवार घेऊन उभा, डोळे भरलेले. तलवारीचा दिवा घरी येईपर्यंत विझला होता.

इथे मोठ्यांनी दोन चुका टाळायच्या. एक म्हणजे दया येऊन पाळण्याचे पैसे काढून द्यायचे नाहीत, दिले की दोनशेला काही अर्थ उरला नाही. आणि दुसरी, जी मला जास्त कठीण गेली, "मी म्हटलं होतं ना" किंवा "बघ, पैसे फुकट गेले" हे बोलायचं नाही. त्याला दिसतच होतं. मी त्याला जवळ घेतलं, आम्ही सगळ्यांसाठी घरचं म्हणून खाजं (जत्रेतला गोड खाऊ) घेतलं त्यातलं त्यालाही दिलं, कारण खाण्यावरून शिक्षा नको. घरी पोचल्यावर दुसऱ्या दिवशी शांतपणे विचारलं, पुढच्या वेळी काय करशील? म्हणाला, आधी सगळी फेरी फिरून बघणार, मग घेणार. आता ते दोघंही आधी एक पूर्ण फेरी मारतात, हात खिशात, नुसतं बघत. चूक २०० रुपयांत झाली ते बरंच, वीस वर्षांनी तीच गाडीच्या कर्जात झाली असती.

थांबायला शिकवताना आपला शब्द पाळा

आवडलेली वस्तू लगेच घ्यायची नाही, फ्रिजवर कागद लावलाय त्यावर नाव, किंमत आणि तारीख लिहायची. धाकट्यासाठी तीन दिवस, थोरलीसाठी दोन आठवडे. त्यानंतरही आवडत असेल तर बरणीतून घ्यायची, कोणी अडवणार नाही. अर्ध्याहून जास्त गोष्टी ती स्वतःच खोडतात, कधी कधी तर आठवतही नाही की लिहिलं का होतं.

मुलांना थांबवण्याचा विषय निघाला की स्टॅनफर्डचा मार्शमेलोचा प्रयोग हमखास सांगितला जातो, की जी मुलं एक गोड गोळी न खाता थांबली ती पुढे आयुष्यात यशस्वी झाली. २०१८ मध्ये हा प्रयोग जास्त मुलांवर पुन्हा करून बघितला तेव्हा हा संबंध बराच कमी निघाला, आणि घरची परिस्थिती धरली तर आणखी कमी. मला त्यापेक्षा २०१२ चा रॉचेस्टर विद्यापीठाचा छोटा प्रयोग जास्त पटतो. २८ मुलं होती, अर्ध्यांना आधी एका मोठ्या माणसाने चांगले रंग आणून देतो म्हणून सांगितलं आणि आणून दिले, अर्ध्यांना सांगितलं आणि रिकाम्या हाताने परत आला. मग मार्शमेलो ठेवला. शब्द पाळलेल्या माणसाबरोबरची मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली, फसवली गेलेली ३ मिनिटं.

म्हणजे "नंतर घेऊ" हे आपण टाळायला म्हणत असलो तर मूल थांबायला शिकणारच नाही, आणि त्याचं बरोबरच आहे, नंतर काही मिळतच नाही तर आत्ताच हट्ट केलेला बरा. नाही द्यायचं असेल तर सरळ नाही म्हणा. नंतर म्हणायचं असेल तर तारीख सांगा आणि त्या तारखेला स्वतः आठवण करा. मी मोबाइलवर रिमाइंडर लावते.

हौस वाईट नाही हे आमच्या घरी तरी सांगावंच लागतं

माझा नवरा टॅक्सी चालवतो. ऑक्टोबरपासून मेपर्यंत सीझन, पावसात भाडी कमी. एकदा थोरली जेवताना म्हणाली, "बाबा, गोव्याला फिरायला येणं ही लोकांची गरज की हौस?" ते म्हणाले, हौस. ती म्हणाली, मग त्यांच्या हौसेवर आपली गरज चालते. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. खरंच आहे, अर्धा गोवा कोणाच्या ना कोणाच्या हौसेवर जेवतो. त्यामुळे हौस म्हणजे उधळपट्टी, हौस म्हणजे पाप अशा सुरात मी मुलांना कधीच सांगत नाही. चवथीला (गणेशचतुर्थीला) माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळांची चौकट, बांधतो, तिला लागणारी रानफळं, नारळ, सुपारीचे घड यावर आम्ही दोन हजाराच्या वर खर्च करतो, ती गरज की हौस हे मला कोणी तक्त्यात घालून दाखवावं. आमच्या घरात ती लागते, म्हणून तिचे पैसे सीझनमध्येच बाजूला काढतो.

पावसात पैसे आटले की मुलांना काय सांगायचं हा नेहमीचा प्रश्न. पैसे असताना "पैसे नाहीत" असं कधी सांगू नका, संध्याकाळी तुम्ही ऑनलाइन काही मागवलंत की मुलाला खोटं कळतं. "त्याच्यासाठी ठेवलेले नाहीत" असं म्हणा, ते खरंही असतं आणि त्यातून पैसे ठरवून ठेवायचे असतात हेही कळतं. आणि खरोखर ओढाताण असेल तर तेही सांगा, पण बेताने. आम्ही जूनमध्ये सांगतो की आता चार महिने लागणारं सगळं येणार, आवडणारं कमी येणार, चवथीला मात्र येणार. सोबत हेही सांगायचं की फी भरलीय, तांदूळ आहेत, काळजी तुम्ही करायची नाही. कर्जाचे हप्ते, डॉक्टरची बिलं हे आठ वर्षांच्या डोक्यावर टाकायचं नसतं.

"त्याच्याकडे आहे" याचंही असंच. वर्गात सगळ्यांकडे एखादी गोष्ट आहे आणि आपल्याकडेच नाही, याने मुलाला खरंच एकटं वाटतं, चारजणांत मिसळणं ही लहान वयात लागणारीच गोष्ट आहे. ते हसण्यावारी नेऊ नका. शाळेच्या सहलीचे पैसे मी पोटाला चिमटा काढून भरेन. पण मित्रांसारखंच घड्याळ? तिथे मी विचारते, त्यांच्यात खेळायला तुला नक्की काय लागतं? बऱ्याचदा उत्तर येतं की त्यांना घरी बोलावूया.

दुकानात, मोबाइलवर

पाकिटावर छापील किंमत आणि वजन असतंच, अलीकडे दर ग्रॅमचा भावही असतो, बारीक अक्षरात. थोरलीला तो शोधायला लावला. १० रुपयांची चिप्स, वजन २० ग्रॅम, म्हणजे ग्रॅमला ५० पैसे. भाजलेले शेंगदाणे १०० ग्रॅम ३० रुपये, ग्रॅमला ३० पैसे. तिला वाटत होतं शेंगदाणे महाग. चिप्स तरीही घेते, पण आता जाणून घेते. जाहिरातींचंही बोला, मुलांना थेट "हे घ्या, आईबाबांकडे हट्ट करा" अशी भरीस घालणारी जाहिरात करायला २०२२ च्या केंद्र सरकारच्या नियमांनी मनाई आहे, तर टीव्हीसमोर बसून मुलांनाच शोधायला लावा की ही जाहिरात मला काय करायला सांगतेय. त्यांना हा खेळ फार आवडतो.

मोठा घोळ मोबाइलच्या पेमेंटचा. मुलाला दिसतं की आईने फोन दाखवला, टिंग वाजलं, वस्तू आली. पैसे गेले हे दिसतच नाही. मी आता मुलं बरोबर असली की आठवड्याच्या बाजाराचे रोख पैसे काढून नेते, आणि स्कॅन करावंच लागलं तर रक्कम धाकट्याने मोठ्याने वाचायची आणि मागे किती उरले तेही बघायचं. दहा वर्षं पूर्ण झाली की मूल स्वतःच्या नावाचं बचत खातं स्वतः चालवू शकतं, रिझर्व्ह बँकेचं एप्रिल २०२५ चं परिपत्रक आहे, मर्यादा किती ते बँक ठरवते. पोस्टातही दहा वर्षांनंतर उघडता येतं, ५०० रुपयांत. थोरलीचं आम्ही पोस्टात उघडलं, चवथीला काका-आत्या हातावर नोटा ठेवतात त्यातली निम्मी तिथे जाते, निम्मी बरणीत. पासबुक तिने स्वतः रांगेत उभं राहून भरून आणायचं.

आणि गेमचं एक काम वाचून झाल्या झाल्या करा. फोनच्या ॲप स्टोअरच्या सेटिंगमध्ये जा आणि प्रत्येक खरेदीला पासवर्ड विचारेल असं करा, पेमेंट ॲपचा पिन मुलांना सांगू नका, त्यांच्या समोर टाकूही नका. आमच्या ओळखीतल्या एका घरात नऊ वर्षांच्या मुलाने गेममधल्या पात्राचे कपडे घेत घेत तीन दिवसांत चार हजार घालवले, आणि त्याला विचारलं तेव्हा तो खरं तेच म्हणाला, मी कुठे पैसे दिले, मी तर नुसतं बटण दाबलं.